सहा महिन्यात 'फूट स्पेशालिस्ट' बनवतो म्हणाले अन् हाती दिला तंगूस

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, बीएस्सी झाली अन् दीड वर्ष घरीच होती. बाबांना शुगर आहे. शेतात पऱ्हाटीचं धसकट पायात रुतलं तर त्यांना समजलंच नाही, संध्याकाळी चप्पल रक्तानं भिजलेली आईनं पाहिली तेव्हा कळलं, अन् शेवटी करंगळी काढावी लागली. तेव्हापासून मी मोबाईलवर पायाच्या काळजीबद्दलच पाहत राहायची, त्यातच ती जाहिरात आली. सहा महिन्यात पोडियाट्रीचा, म्हणजे पायाच्या उपचाराचा डिप्लोमा, इंग्लंडात नोकरीची गॅरंटी.

फी ९५ हजार. कापूस विकला त्याचे अन् आईची पोत गहाण ठेवून आले ते, सगळे सरच्या पर्सनल नंबरवर फोन पे केले. आई म्हणे, "पावती तं घे वं." मी म्हटलं मागून भेटते. पहिल्या दिवशी पांढरा कोट घालून फोटो काढले, लई भारी वाटलं.

क्लास म्हणजे मोबाईलच्या दुकानावरची एक खोली. टबात कोमट पाणी, शाम्पूचा फेस, टाच घासायचा दगड. पार्लरवाली ताई हेच काम ३०० रुपयात करते, अन् इमानदारीनं सांगतेही की हे पेडिक्युअर आहे. सर तर म्हणे शुगरवाल्याचं कुरूपही ब्लेडनं काढायचं, दोनशे घ्यायचे. मी मान डोलवली बाप्पा, काय सांगू.

पण मला खरा राग येते तो मोनोफिलामेंटचा. नायलॉनची बारीक काडी असते, पेशंटला डोळे मिटायला लावून तळव्याला टेकवायची अन् वाकेपर्यंत दाबायची, बरोबर १० ग्रॅम जोर पडला की ती वाकते, अन् एवढं दाबूनही पेशंटला कळलं नाही तर पायाची संवेदना गेली असं समजायचं. म्हणजे सगळा खेळ त्या १० ग्रॅमचा. किटमध्ये आम्हाला दिली ती पेनाच्या रिफिलला टेपनं चिकटवलेली होती, मी घरी येऊन बाबांचे पाय तपासले, ते म्हणे, "समजते ना वं, टोचते." मी खुश, पाय चांगले आहेत म्हणून आईलाही सांगून टाकलं.

दोन महिन्यांनी अंगठ्याखाली फोड आला म्हणून सेवाग्रामला नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनं त्यांची काडी लावली तर बाबा डोळे मिटून चूप. अंगठा, चवडा, काहीच नाही. मी माझी काडी पर्समधून काढून दाखवली, मॅडमनं बोटानं वाकवून पाहिली अन् म्हणे, "ही तर मासे पकडायची तंगूस आहे, केवढी जाड आहे, ही कोणालाही टोचेल." मला तिथंच रडू आलं.

त्यांनीच मग सांगितलं. इंग्लंडात पोडियाट्रिस्ट हे नाव लावायलाच एचसीपीसी नावाच्या तिथल्या सरकारमान्य संस्थेची नोंदणी लागते, तिच्यासाठी मान्यता असलेली डिग्री पाहिजे, साधारण तीन वर्षांची. अमेरिकेत तर कॉलेजनंतर चार वर्षं अन् वरून तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे दवाखान्यातलं ट्रेनिंग. आपल्याकडं २०२१ साली अलाइड हेल्थचा, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून बाकी आरोग्यसेवेच्या कामांचा कायदा झाला, पण सहा महिन्याच्या कागदावर कोणी इंग्लंडला नेत नाही. हे दोन मिनिटांत मोबाईलवर दिसलं असतं, पण मी फक्त त्यांचेच व्हिडिओ पाहत होती.

पैसे मागितले तर सर आधी म्हणे पुढच्या बॅचमध्ये ॲडजस्ट करतो, मग नंबर ब्लॉक. फोन पेचे स्क्रीनशॉट होते म्हणून १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार टाकली, पोलीस स्टेशनलाही अर्ज दिला. अजून एक रुपया आला नाही. पोत गहाणच आहे.

बाबा आता एमसीआरची चप्पल घालतात, कुष्ठरोगाच्या पेशंटला देतात तशीच मऊ रबराची. फोड भरत आला आहे.

अन् मागच्या आठवड्यात मैत्रिणीनं त्यांची नवी जाहिरात पाठवली. 'आमची यशस्वी विद्यार्थिनी, सध्या लंडन' असं लिहून पांढऱ्या कोटातल्या एका पोरीचा फोटो टाकला आहे. तुमच्याही मोबाईलवर आला असेल, तर ती पोरगी मी आहे अन् मी घाटंजी रोडवर बसची वाट पाहत हे टाईप करून राहिली.