चिखलदऱ्यात पहिल्यांदाच दोर धरणार असाल तर पावसाळा उलटू द्या

चिखलदऱ्याची गर्दी जुलै ते सप्टेंबरची. शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग, धुकं, भाजलेली कणसं आणि भीमकुंडासमोर सेल्फीसाठी रेटारेटी. दोरावरून कडा उतरायचा, म्हणजे रॅपलिंगचा, आणि झिपलाइनचा, म्हणजे ताणलेल्या तारेवरून पुलीला लटकून घसरत जाण्याचा, धंदाही याच दिवसांत जोरात असतो. पण ज्यानं जन्मात कधी हार्नेस, म्हणजे कंबरेला नि मांड्यांना आवळायचा, दोराला जोडणारा पट्ट्यांचा साज, घातला नाही, त्याच्यासाठी हेच दिवस सगळ्यात वाईट. दिवाळीच्या आगेमागे ते जानेवारीपर्यंत, तेही मधल्या वारी, तीच माणसं तीच सेवा कितीतरी चांगली देतात. दरीकाठच्या अर्ध्या दिवसाच्या पॅकेजबद्दलचं हे मत आहे: साठेक फुटांचं रॅपलिंग आणि एक झिपलाइन.

फरक मुख्यतः दगडाचा. इथला कातळ काळा बेसाल्ट. पावसात त्यावर शेवाळ धरतं आणि चांगल्या बुटाचाही तळवा टिकत नाही. धबधब्याशेजारी उतरताना वरच्या माणसाची हाक खाली पोचत नाही, सगळा कारभार शिट्टीवर चालतो, आणि नवख्याला एक शिट्टी थांबायची की दोन, हे घाबरल्यावर आठवत नाही. शिवाय रांगेत चाळीस माणसं असली की शिकवणं दोन मिनिटांत उरकतं. हिवाळ्यात चार-पाच जणांची तुकडी असते. आधी बुटक्या उतारावर दोन-तीन वेळा मागं चालवून घेतात, मगच कड्यावर नेतात. पैसे वसूल होतात ते या सरावात.

सामान बरं आहे. दोर स्टॅटिक जातीचा, ११ मिमी, म्हणजे वजन आलं तरी फारसा ताणत नाही. रॅपलिंगला असाच हवा. तुम्हीही तो बोटांतून सरकवून बघा. वरचं विणकाम थोडं फुललेलं चालतं, पण मधेच कुठं मऊ, चपटं किंवा पोकळ लागलं तर आतला गाभा गेलाय, त्या दोरावर जाऊ नका. हार्नेसच्या लेबलवर बनवल्याचं साल असतं. नायलॉनचं सामान न वापरताही दहा वर्षांपुढं बाद धरतात. लेबल पुसलेलं असेल तर दुसरा मागा, लाजू नका. हेल्मेट गिर्यारोहणाचंच हवं, त्यावर ईएन १२४९२ असं छापलेलं असतं. बांधकामावरचं पिवळं टोपरं दिलं तर परत करा. हनुवटीचा पट्टा तेवढ्या ताकदीचा नसतो आणि डोकं बाजूनं आपटलं तर ते फारसं कामाचं नाही.

हार्नेस घालताना कंबरेचा पट्टा हाडाच्या वर बसला पाहिजे, पँटच्या बेल्टच्या जागी नाही. खाली बसला आणि माणूस उलटा झाला तर तो सुटून निघू शकतो. पट्टा आवळल्यावर आत फक्त सपाट तळवा जावा, मूठ नाही. जुन्या पद्धतीच्या बकलात पट्टा परत उलटा ओवावा लागतो आणि शेपूट किमान तीन इंच सुटं राहावं लागतं. कॅराबिनरचा, म्हणजे हार्नेस दोराला अडकवणाऱ्या धातूच्या कडीचा, स्क्रू फिरवला का, हे नुसतं बघू नका, दाबून बघा. उघडलं नाही म्हणजे झालं. इथले प्रशिक्षक हे सगळं स्वतः करतात आणि दुसरा माणूस पुन्हा तपासतो. हे खरंच कौतुकाचं.

अवघड आहेत ते फक्त पहिले पाच फूट. काठावर पाठमोरं उभं राहिल्यावर शरीर सरळ राहायला बघतं आणि पाय आधी खाली घ्यावेसे वाटतात. तिथंच घसरतं. कंबर काठाच्या वरच राहिली आणि पाय खाली गेले, तर वजन कातळात दाबण्याऐवजी खाली सरकतं आणि गुडघे, मग नाक दगडावर. पाय काठालाच, खांद्याएवढे फाकवून ठेवायचे आणि बूड मागं सोडत जायचं. पाय कातळाला जवळपास काटकोनात आले की मगच पहिलं पाऊल. इथला प्रशिक्षक वऱ्हाडीत एवढंच म्हणतो, "दादा, मांगं बसा, खुर्चीत बसल्यावानी." याहून नेमकं सांगता येत नाही.

उजवा हात कंबरेजवळ, दोर खाली ओढून धरलेला, ब्रेक तोच. डावा हात वर नुसता टेकलेला. नवखे नेमकं उलटं करतात, वरचा दोर डाव्या हातानं आवळतात. त्यानं वेग कमी होत नाही, दहा फुटांत हात भरून येतो एवढंच. इथं आठच्या आकाराचा डिसेंडर, म्हणजे दोर ज्यातून ओवून वेग आवरतात ती धातूची कडी, वापरतात. साधा, टिकाऊ, पण ओढणी, वेणी किंवा टी-शर्टचं सुटं टोक ओढून घेण्यात पटाईत. एकदा अडकलं की माणसाचं वजन दुसऱ्या दोरावर घेतल्याशिवाय सुटत नाही. म्हणून तो दुसरा दोर, वरून प्रशिक्षकानं धरलेला आणि वेगळ्या ठिकाणी बांधलेला, आहे का हे आधी बघा. या पॅकेजमध्ये आहे. जिथं नसेल तिथून सरळ परत या. हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकत राहणं काही मिनिटांतच धोक्याचं ठरू शकतं. अडकलात तर पाय हलवत राहा.

झिपलाइनला शिकण्यासारखं फार नाही. दोन पट्टे हवेत, एक पुलीला, दुसरा राखीव. पुलीच्या पुढं तारेला हात लावायचा नाही, बोटं जातील. हलकं पोर समोरच्या वाऱ्यात मधेच थांबतं, मग तोंड फिरवून हातांनी ओढत यावं लागतं; वजनदार माणूस शेवटी ब्रेकवर जोरात आदळतो. त्यामुळे वजन विचारल्याशिवाय जो बसवतो, त्याच्याकडं बसू नये. इथं विचारतात, पण काट्यावर मोजत नाहीत. मोजायला हवं.

आणखी तक्रारी आहेत. हातमोजे एकाच मापाचे, बाईमाणसाच्या हातात ढिले होतात आणि ढिला मोजा ब्रेकच्या हाताला नकोच. स्वतःचे घट्ट चामडी मोजे न्या. बायकांना कपडे बदलायला आडोसा नाही. भरून घेतात तो फॉर्म फक्त "जबाबदारी आमची नाही" एवढंच सांगतो, विम्याचं वेगळं विचारावं लागतं. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा सेवेला पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी लागते; प्रमाणपत्र मागा, दाखवायला काय हरकत?

कोरड्या दिवसांचा खरा धोका वेगळाच: आग्या मोहोळ. हे पोळं उंच कड्यांच्या कपारीत लटकतं आणि उतरताना सुटलेला दगड किंवा धूर त्याला उठवायला पुरतो. अत्तर, बिडी-सिगारेट बंद. जवळच्या कपारीत काळपट पोळं दिसलं तर त्या दिवशी तो कडा सोडायचा, प्रशिक्षकानं कितीही "काही होत नाही" म्हटलं तरी. सकाळी लवकरही जाऊ नका; दव सुकेपर्यंत काठावरचं गवत निसरडं असतं. दहानंतर ठीक.

सुमारे ११०० मीटर उंचीवर हिवाळी वारा बोचतो, तेव्हा आत घट्ट बाह्यांचा स्वेटर घाला, सुटं जॅकेट नको. चप्पल-सँडल चालत नाही. सकाळी पोह्यावर तर्री ओतून येऊ नका. हार्नेसचा पट्टा पोटावरच बसतो. परतवाड्याहून घाट तीसेक किलोमीटर आहे. पाठ, मणका, रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर दोराच्या नादी लागू नका. मोठं काही झालं तर घाट उतरून अचलपूरला न्यावं लागतं आणि दरीत मोबाइलला रेंज धड नसते. तेव्हा त्यांच्याकडं स्ट्रेचर आणि तयार गाडी आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा.