जॉन डिअर 5050 डी : उसाच्या रानात वापरून लिहितोय

50 एचपीत कुठला ट्रॅक्टर घ्यावा असं विचारणारे सगळे आधी एचपी आणि किंमतच बघतात. आमच्याकडं आजोबांच्या वेळचा बी-275 होता, महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर 1963 ला ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली त्यातला, 35 एचपी. आता 5050 डी आहे. कागदावर फरक 15 एचपीचा, पण रानात उतरलं की कळतं की खरा बदल इंजिनच्या मागं झालाय, क्लच गिअरबॉक्स ब्रेक या सगळ्यात.

मला सगळ्यात भारी वाटते ती लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार उचलणारी यंत्रणा, 1600 किलो उचलणारी. अवजार तीन ठिकाणी जोडून उचलायची पद्धत, म्हणजे थ्री पॉइंट लिंकेज, हे हॅरी फर्ग्युसन या इंजिनिअरचं डोकं, 1939 च्या फोर्ड 9एन वर आलं आणि मग जगभर पसरलं. त्याआधी नांगर नुसता मागं अडकवून ओढायचे, तो दगडात अडकला की ट्रॅक्टरचं तोंड वर उचलून मागं पलटी व्हायचा, माणसं गेलीत त्यात. फर्ग्युसननं काय केलं, कडक मातीत नांगर शिरला की टॉप लिंकवर (वरच्या दांड्यावर) येणारा दाब लिफ्टला ओळखायला लावला, मग लिफ्ट नांगर जरासा वर घेते, वजन मागच्या चाकांवर येतं आणि चाकं घसरत नाहीत. तीच युक्ती आज एडीडीसी (खोली आणि ओढ आपोआप सांभाळणारी यंत्रणा) नावानं आपल्या बहुतेक ट्रॅक्टरला आहे, पण आपले ड्रायव्हर फक्त अवजाराची उंची ठरवणारा पोझिशनचा लिव्हर वापरतात, ओढीप्रमाणं नांगर वरखाली करणाऱ्या ड्राफ्टच्या लिव्हरला हातच लावत नाहीत! खोडवा मोडून काळ्या रानात नांगरट करताना तो वापरून बघा, डिझेलमधला फरक दिसेल.

दुसरं, घ्यायचा तर डबल क्लचवालाच घ्या. सिंगल क्लचला पाय दिला की पीटीओ, म्हणजे मागचं अवजार फिरवणारा शाफ्ट, पण थांबतो, रोटर मारताना ढेकळांत अडकलं की ट्रॅक्टर थांबवायचा असतो पण रोटर फिरताच ठेवायचा असतो, ते सिंगलवर होतच नाही. पॉवर स्टिअरिंगमुळं सरीच्या टोकाला वळताना खांदे भरून येत नाहीत, बी-275 वर दिवसभर बसलेल्या माणसालाच याची किंमत कळेल.

ब्रेक तेलातले. चिखल पाणी आत जात नाही, भरलेली उसाची ट्रॉली उतारावरून आणताना जीवाला घोर नाही. पण एक लक्षात ठेवा, कुठल्याही कंपनीच्या तेलातल्या ब्रेकचं काम निघालं की मागचं बरंच खोलावं लागतं, गावातला मिस्त्री त्यात हात घालत नाही. 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या नवीन ट्रॅक्टरला धुराचे कडक नियम लागलेत, त्यामुळं तिकडं कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं डिझेल सोडणारी यंत्रणा) आणि सेन्सर आले, दुरुस्तीला लॅपटॉप लागतो. हाताखालचा मिस्त्री महत्त्वाचा असेल तर 50 एचपीपर्यंतच थांबा.

आणि ट्रायल शोरूमच्या आवारात घेऊ नका, स्वतःचा पलटी नांगर जोडून स्वतःच्याच रानात घ्या.