तीन बोटांची भरपाई : वापरून पाहिलेल्या व्यवस्थेचं परीक्षण

माझ्या उजव्या हाताला आता अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट आहे. बाकीची तीन बोटं 2021 च्या संक्रांतीच्या आदल्या रात्री जिनिंगमध्ये गेली. पांढरकवडा आणि वणीच्या मधला आमचा पट्टा कपाशीचा. दिवाळी झाली की जिनिंग सुरू होते, ती मार्च-एप्रिलपर्यंत चालते. मी चौदा हंगाम डबल रोलर मशीनवर काढले. ओलसर कापूस आला की तो रोलरपाशी अडकतो. मशीन बंद करून काढायचा असतो, पण बंद केली की वेळ जातो आणि सकाळी दिवाणजी गाठी मोजतो. त्यामुळे चालू मशीनवर बोटानं ओढायची सवय सगळ्यांना होती, मलाही होती.

त्यानंतर जी सेवा मिळाली तिच्याबद्दल हे लिहितो आहे. ट्रॅक्टरच्या शोरूमबद्दल, बियाण्याच्या दुकानाबद्दल लोक लिहितात, म्हणून पुढच्याला कळतं. अपघाताची भरपाई हीसुद्धा सेवाच आहे. माणसावर ती वापरायची वेळ बहुधा एकदाच येते, आणि तेव्हा आधी वापरलेला कुणी शेजारी नसतो. मला कुणी सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

माझ्या वाट्याला आला तो तेव्हा लागू असलेला 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा. त्याच्या शेवटी एक यादी आहे. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी ती मिटून ठेवली, दोन दिवस उघडली नाही. अंगठा 30 टक्के, एका हाताची चार बोटं 50, तीन बोटं 30, दोन बोटं 20. माणसाचं शरीर बाजारभावासारखं मांडलेलं. पण त्या यादीचा उपकारही आहे, कारण ती नसती तर शेठ म्हणेल तो आकडा खरा झाला असता. शेठनं 80,000 रुपये देऊन सही मागितली होती. मुकादमही म्हणत होता, "घेऊन टाक भाऊ, कोर्टात गेला त बैल ईकायची पाळी येईन."

हिशेब मात्र कुणालाही करता येतो. पगाराचे 60 टक्के, गुणिले वयाचा गुणांक, गुणिले हानीची टक्केवारी. माझा पगार महिन्याला 9,000, वय 40, आणि 40 व्या वर्षाचा गुणांक 184.17. 5,400 गुणिले 184.17 म्हणजे 9,94,518. त्याचे 30 टक्के 2,98,355 रुपये. शेठच्या आकड्याच्या पावणेचार पट. पगार 15,000 च्या वर असला तरी हिशेबाला 15,000 च धरायचे. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि कारण नसताना अडवले तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. दावा दोन वर्षांच्या आत लावायचा होता. दवाखान्याचा खर्च या रकमेत धरायचा नसतो, तो वेगळा द्यावा लागतो. घरी बसावं लागतं त्या काळात दर पंधरवड्याला पगाराचा चौथा भाग, म्हणजे मला 2,250 रुपये मिळायला हवे होते. ते आलेच नाहीत. दवाखान्याचं बिल भरलं त्यातच सगळं आलं, असं मला सांगितलं गेलं आणि मी मान डोलावली.

दावा ऐकणाऱ्या आयुक्तांनी अर्ज तीन महिन्यांत निकाली काढावा असं त्या कायद्यात लिहिलेलं होतं. माझ्या अपघातापासून निकालापर्यंत 28 महिने गेले. व्याज धरून 3 लाख 81 हजारांच्या वर रक्कम आली, त्यात मोठ्या पोरीचं शिक्षण आणि कर्ज दोन्ही निघालं. पैशाच्या बाबतीत मी या कायद्याला पाचपैकी तीन देतो. हिशेब उघडा आहे, चूक कुणाची हे आधी सिद्ध करावं लागत नाही, आणि उशिराला व्याज आहे. दोन गुण उशिराचे कापले.

पण त्या 28 महिन्यांत डॉक्टर, वकील, विम्याचा माणूस, कचेरीतले बाबू, यांच्यापैकी एकानंही मला विचारलं नाही की तू कामावर परत गेलास का. रकाना होता मजुरीचा, वयाचा, टक्क्यांचा. परत कामावर जाण्याचा रकानाच नव्हता. टाके निघाल्यावर हाताचा व्यायाम करायचा असतो हेही कुणी बोललं नाही. दोन महिने मी हात गळ्यात अडकवून बसलो आणि उरलेलं बोटही आखडलं. मग बायकोनं रोज भाकरीच्या पिठाचा गोळा हातात देऊन दाबायला लावला. आज मी विळा धरतो, पाना फिरवतो, तो त्या गोळ्यामुळे. पुढच्या हंगामाला जिनिंगच्या फाटकावर गेलो तर मुकादम म्हणाला, "तुह्या हातानं आता काय होईन? घरीच राय." मशीनचा आवाज ऐकून बेअरिंग गेलं की नाही हे सांगणारा माणूस मी होतो. ते काम कानाचं होतं, बोटांचं नव्हतं.

माझा आतेभाऊ हिंगणघाटकडच्या एका सूतगिरणीत आहे. त्याची दोन बोटं गेली होती. त्याला लागू होता तो कामगार राज्य विमा, ज्याला सगळे ईएसआय म्हणतात. 21,000 पर्यंत पगार असणाऱ्याच्या पगारातून पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो. अपघात झाल्यावर कामावर जाता येत नाही तितके दिवस रोजाच्या 90 टक्के पैसे. मग वैद्यकीय मंडळापुढे तपासणी, आणि 20 टक्के हानी धरून आयुष्यभराचं निवृत्तिवेतन. त्याचा रोज 400 होता, त्याचे 90 टक्के 360 आणि त्याचे 20 टक्के 72. दिवसाला 72 रुपये. ऐकायला कमी वाटतात, पण ते कुणाच्या दारात उभं न राहता येतात. अपघाताचा लाभ चालू असेपर्यंत मालकाला त्याला काढता येत नव्हतं. तो परतला तेव्हा व्यवस्थापकानं त्याला सुताचे कोन पॅक करायला बसवलं. तसं बसवलंच पाहिजे असं कायदा सांगत नाही, तो व्यवस्थापकाचा भलेपणा. पण नोकरी मधल्या काळात जिवंत राहिली म्हणून भलेपणाला जागा मिळाली.

मग माझं काय चुकलं? कापूस तोच, माझ्याकडून सरकी निघून गाठ बांधली जाते आणि त्याच्याकडे तिचं सूत होतं. उत्तर कायद्याच्या व्याख्येत सापडलं. ईएसआय हंगामी कारखान्याला लागू नाही, आणि हंगामी कारखान्यांच्या यादीत कापसाचं जिनिंग आणि प्रेसिंग ही नावं स्पष्ट लिहिलेली आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून या जुन्या कायद्यांच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यातही हंगामी कारखाना बाहेरच ठेवला आहे. घरून कामावर जातायेता झालेला अपघात धरणं ही त्या संहितेतली चांगली गोष्ट. पण विदर्भात कापसाच्या धंद्यात इतकं धोक्याचं यंत्र जिथं आहे तिथला मजूर अजूनही दाराबाहेरच उभा आहे, आणि याचं मला फार दुःख आहे.

तिसरा माणूस सरकारी नोकरीतला असता तर? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापना त्याला काढू शकत नाही, पद खाली आणू शकत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यायचं. एकाच विदर्भात तीन माणसं, तीन हात, आणि तिघांचं पुढचं आयुष्य तीन वेगळ्या पुस्तकांत लिहिलेलं.

माझी मोठी पोरगी नागपूरला समाजकार्याचं शिकते. तिनं प्रकल्पाला हाच विषय घेतला, इतर देशांतल्या कायद्यांसकट. सुट्टीत आली की बाजेवर बसून मला वाचून दाखवते आणि मी माझ्या फाइलशी ताडून पाहतो.

जर्मनीत कामावरच्या अपघाताचा विमा 1884 पासून आहे. धंद्याधंद्याच्या मालकांच्या संस्था आहेत, पैसे सगळे मालकच भरतात, मजुराच्या पगारातून काही कापत नाहीत. त्यांचं धोरण असं, की आधी माणूस उभा करायचा, निवृत्तिवेतनाचा विचार नंतर. अपघाताच्या कामासाठी नेमलेला खास डॉक्टर पहिल्या दिवसापासून असतो, उपचार त्याच्या नजरेखाली होतात. वर्षात सहा आठवड्यांहून जास्त काळ आजारी राहिलेल्या माणसाला मालकानं स्वतः बोलावून, तुला परत कामावर आणायला काय करावं लागेल, अशी बैठक द्यायची असते. हे ऐकलं तेव्हा मी पोरीला पुन्हा वाचायला लावलं. मालकानं बोलवायचं. मी फाटकावर स्वतः गेलो होतो.

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात 20 किंवा जास्त कामगार असलेल्या मालकावर जखमी माणसाला परत घेण्याचं बंधन आहे. पण त्यानं आधी सलग एक वर्ष तिथं काम केलेलं हवं. म्हणजे पाच-सहा महिन्यांचा हंगाम करणारा आमच्यासारखा तिथंही सुटला असता. ऑस्ट्रेलियात प्रत्येक राज्याचा वेगळा कायदा आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या कायद्याचं नावच 'कामावर परत' असं आहे, 2014 चा. पहिली 52 आठवडे पूर्ण पगार, पुढची 52 आठवडे 80 टक्के, आणि फार गंभीर जखम नसेल तर 104 आठवड्यांनी बंद. तो मला कडक वाटला. शरीर पंचांग पाहून बरं होत नाही. पण ऑस्ट्रेलियात जखमी कामगारांना फोन करून दोन वेगवेगळे प्रश्न विचारतात, हे मला पटलं. एक, अपघातानंतर कधी कामावर गेलात का? दोन, आज कामावर आहात का? पहिल्याला मीही हो म्हणालो असतो, कारण एक हंगाम दुसऱ्या जिनिंगमध्ये अकरा दिवस गेलो होतो. दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर नाही होतं. आमच्याकडे हे दोन्ही प्रश्न कुणी विचारलेच नाहीत, म्हणून किती जण घरी बसले ते कुणाला सांगताही येत नाही.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात खासगी मालकाला हा विमा घ्यायची सक्तीच नाही. त्यावर आम्ही जास्त बोललो नाही.

सगळ्यात जास्त वेळ बोललो ते न्यूझीलंडवर. तिथं 1974 पासून अपघात कुणाचाही असो, कामावरचा असो की घरचा, एकच सार्वजनिक संस्था उपचाराचा खर्च उचलते आणि कमाईच्या 80 टक्के देते. कामावरचा अपघात असेल तर पहिला आठवडा मालक देतो. स्वतःच्या वावरात राबणारा कास्तकारही त्यात येतो. दुसऱ्याच्या चुकीनं इजा झाली तर भरपाईसाठी कोर्टात जायचा हक्क मात्र लोकांनी त्याबदल्यात सोडला.

हे आमच्या गावाला का लागतं ते सांगतो. 2025 च्या ऑक्टोबरात सोयाबीन काढताना आमच्याच गावातल्या 24 वर्षांच्या पोराचा डावा हात मनगटापासून थ्रेशरमध्ये गेला. पोरगा मजूर, नावावर सातबारा नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एका हाताचे 1 लाख, दोन हातांचे किंवा मृत्यूचे 2 लाख मिळतात, पण ते सातबारावाल्याला आणि त्याच्या घरच्या एकाला. पैनगंगेच्या पलीकडे तेलंगणात कास्तकार गेला तर घरच्यांना 5 लाख मिळतात, मात्र तेही जमिनीचं पासबुक असलेल्याच्याच, आणि हात गेल्यावर काही नाही. कायदा या पोराला वाऱ्यावर सोडत नाही. ट्रॅक्टरवर किंवा यंत्राच्या ताकदीवर चालणारी शेती त्याच्या अपघाताच्या वेळी लागू असलेल्या 1923 च्या कायद्यात येत होती. धोकादायक यंत्रांचा 1983 चा कायदा आहे, त्यात मळणी यंत्राचं नाव स्पष्ट आहे.

पण पैसे द्यायचे कुणी? ज्याच्या वावरात झालं तो पाच एकरांचा धनी, सोयाबीन 9 पोती, विमा नाही. एका हाताचे 60 टक्के आणि 24 व्या वर्षाचा मोठा गुणांक, म्हणजे त्याला वावर विकावं लागेल. म्हणून गाव गप्प होतं. इथं भरपाई शेजाऱ्याच्या खिशातून निघते, आणि शेजाऱ्याशी उद्याही बोलायचं असतं. जर्मनीत शेतीचा वेगळा अपघात विमा आहे, त्यात कास्तकार, त्याची बायको आणि मजूर सगळे धरतात, पैसे सगळ्यांच्या वर्गणीतून जातात. कुणाला कुणाच्या दारात भांडावं लागत नाही. माझ्या सगळ्या अभ्यासात मला सापडलेला खरा फरक हाच आहे. टक्के किती यापेक्षा पैसे कुणाच्या गाठीतून निघतात यावर माणसं खरं बोलतात की नाही ते ठरतं.

पोराचा दावा लावला आहे. थ्रेशर भाड्यानं आणणाऱ्याचं नावही त्यात घातलं, आणि त्याच्याकडे ट्रॅक्टरचा विमा आहे का ते वकील पाहतात. मी कास्तकाराकडे दोनदा गेलो. पहिल्यांदा तो बाहेरच आला नाही. दुसऱ्यांदा मी दाव्याचं काहीच काढलं नाही, ओसरीत बसून एवढंच विचारलं, की पोराला परत कामावर घेता का. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "एका हातानं काय करीन तो?" मी माझा हात पुढे केला आणि सांगितलं, ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवता येतात, मोटर चालू-बंद करता येते, रात्रीची लाइट आली की वावरात कुणीतरी लागतोच.

सोमवारी रात्री पोरगा माझ्या घरी आला. "काका, मले व्हॉल्व्ह फिरवाले शिकवता का?" मी त्याला उठवलं, विहिरीवर नेलं, आणि डावं कोपर पाइपावर कसं टेकवायचं ते दाखवलं.