सागवान म्हणून घेतलेल्या चोवीस पट्ट्या

मी घरीच शिवणकाम करते. अस्तरं, लेस, फॉल, हुक, बटणं ठेवायला बारा प्लास्टिकचे डबे आणले होते. दिवाळीच्या सुट्टीत मुलगा घरी आला, तेव्हा दोघांनी मिळून त्यांच्यासाठी लाकडी रॅक करायचं ठरवलं. त्यात फळ्या लागत नाहीत. उभ्या पायांना आतून आडव्या पट्ट्या ठोकायच्या, डब्याची बाहेर आलेली कड त्या पट्ट्यांवर टेकते आणि डबा ड्रॉवरसारखा ओढता येतो.

लाकूड घ्यायला नागपूरच्या लकडगंजला गेलो. दुकानदार म्हणाला, "ताई, दिल्लीच्या नव्या संसदेला नागपूरचं सागवान गेलं ना, त्याच जातीचा माल आहे हा. एकदम वाळलेला." पट्ट्या दिसायलाही छान, सोनेरी तपकिरी होत्या. भाव २,८०० रुपये घनफूट. हिशेब त्याने कागदाच्या चिठोऱ्यावर केला आणि अडीच घनफूट म्हणून ७,००० रुपये सांगितले. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "बिल घेतलं तर टॅक्स लागेल, तुमचंच नुकसान." पैसे मोबाइलवरून दिले. क्यूआर कोडवर दुकानाचं नाव नव्हतं, कुणा व्यक्तीचं होतं. हे मी पाहिलं होतं आणि तरीही पैसे दिले.

माझ्या डब्यांची कड धरून रुंदी १६ इंच, खालचा डबा साडेचौदा. समोरासमोरच्या दोन पट्ट्यांत १५ इंच अंतर हवं, म्हणजे कड दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच टेकते. पट्टी एक इंच जाड आहे असं धरून आम्ही पायांमध्ये १७ इंच जागा ठेवली. डबे लावले तर ढिले बसले. मला वाटलं, माझंच माप चुकलं. तसंच वापरत राहिले.

मे महिन्यात, नागपूरचा उन्हाळा भरात असताना, डबे अडायला लागले. एके दुपारी तिसरा डबा ओढला तर त्याची डावी कड पट्टीवरून सुटली आणि डबा खाली आला. सगळी बटणं घरभर. गोळा करताना शेजारच्या डब्यातल्या काळ्या अस्तरावर पिठासारखा पांढरट भुसा दिसला. वरच्या पट्टीला टाचणीच्या टोकाएवढी भोकं होती. पट्टी स्क्रू काढून सोडवली आणि जमिनीवर ठेवली, तर चारपैकी एक कोपरा उचललेलाच राहिला. ओल्या फडक्याने घासली तर फडकं तपकिरी झालं. ब्लेडने खरवडल्यावर आतून फिकट पांढरं लाकूड निघालं.

हे बघा, सागाचाही गाभाच टिकतो. बाहेरच्या पांढरट भागाला कीड लागते. मला मिळालं ते सागाचं पांढरं होतं की दुसरंच काही, हे सांगता येत नाही, पण ते ओलं होतं, म्हणून वाळताना पिळलं, आणि रंगवलेलं होतं एवढं नक्की.

मग टेप घेऊन बसले. २ बाय १ म्हणून दिलेली पट्टी निघाली पावणेदोन बाय पाऊण. २ बाय २ चे पाय दोन्हीकडून पावणेदोन. पट्टी पाऊण इंच म्हणजे दोन पट्ट्यांतलं अंतर साडेपंधरा, आणि कड टेकत होती फक्त पाव इंच. माझं माप बरोबरच होतं.

घनफुटाचा हिशेब अवघड नाही. रुंदी आणि जाडी इंचांत, लांबी फुटांत, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. माझ्याकडे पट्ट्या ५२ फूट आणि पाय ३६ फूट. ठरलेल्या मापाने १.७२ घनफूट होतात. हातात आलेल्या मापाने १.२४. पैसे घेतले अडीचचे. हा गुणाकार दुकानात मोबाइलवर दोन मिनिटांत झाला असता, याचंच वाईट वाटतं.

दुकानात पट्टी घेऊन गेले तर उत्तर मिळालं, "लाकूड आहे ताई, उन्हाळ्यात फिरतेच. आणि माप रंध्यात जाते." रंधा मारून लाकूड गुळगुळीत करताना थोडं जातं हे खरं आहे. म्हणूनच भाव ठरवताना विचारायचं, माप रंधा मारण्याआधीचं की नंतरचं, आणि ते बिलावर लाकडाच्या नावासकट लिहून घ्यायचं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते. पण माझ्याकडे दाखवायला काय आहे? एका अनोळखी नावावर गेलेले ७,००० रुपये. तरी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. चिठोरा, पट्टी आणि ते तपकिरी फडकं पिशवीत घालून ठेवलं आहे.

परवा दुसरीकडून चोवीस पट्ट्या आणल्या. प्रत्येकीला टेप लावला, एकीचं टोक दुकानदारासमोरच खरवडून पाहिलं. तो काही बोलला नाही, उलट स्वतःच दुसरी पट्टी पुढे केली. पक्कं बिल घेतलं. आता त्या पंख्याखाली मध्ये काड्या घालून रचून ठेवल्या आहेत, चांगल्या वाळल्याशिवाय ठोकणार नाही. तोवर डबे पलंगाखाली आहेत.