चांदीचा चमचा पेन्सिलीने रेखाटायचाय? फाबर-कास्टेल ९००० बद्दल थोडं

पेन्सिलीचा खरा कस लागतो तो घोटीव चांदीवर. म्हणून फाबर-कास्टेल ९००० चा १२ पेन्सिलींचा संच मी साध्या चांदीच्या चमच्याचं चित्र काढून पारखून पाहिला. १९०५ पासून चालत आलेल्या या हिरव्या पेन्सिलीच्या एकूण १६ श्रेणी आहेत. या संचात ८बी (सगळ्यात मऊ आणि गडद) ते २एच (कठीण आणि फिकी) मिळतात.

बहुतेकांचा हात आधी ८बीकडे जातो. मला मात्र या संचाचं मोल एफ, एच आणि २एच मध्ये सापडलं. चांदी करडी नसतेच, समोर जे असेल ते ती दाखवते. चमच्याच्या खोलगट भागात खिडकी उलटी दिसते, आणि तिच्या शुभ्र चौकटीला लागूनच काळाकुट्ट पट्टा येतो. मधे करडं काहीच नाही. ही कड जरा जरी पसरली, की चांदीचं ॲल्युमिनियम झालंच! २एचला लांब टोक काढलं की ती कड अचूक धरता येते. फक्त हात हलका हवा. दाबून ओढलेल्या रेघेची खाच कागदात राहते आणि वरून कितीही गडद भरलं तरी ती डोकावते.

दांड्यावरच्या नक्षीत चांदी काळवंडलेली असते. तिथे ४बी छान बसते. मऊ शिशामुळे कागदाच्या दाण्यात पांढरे ठिपके राहतात, ते वरून एचबी फिरवली की बुजतात.

ग्रॅफाइट कुठलंही असो, दाट थर दिला की ते चमकतं. बाजूने पाहिलं तर सगळ्यात काळी जागाच फिकी दिसते. तेवढ्या जागांसाठी मी स्टेडलरची मार्स ल्युमोग्राफ ब्लॅक पेन्सिल वापरते. तिच्यात कार्बन भरपूर असल्याने काळा रंग मॅट उतरतो. ती कोऱ्या कागदावरच लावावी, गुळगुळीत झालेल्या ग्रॅफाइटवर कार्बन नीट धरत नाही.

पांढऱ्यासाठी कागद कोराच सोडा. खोडून काढलेला पांढरा तितका लखलखत नाही. दांड्याच्या कडेवरची बारीक चमक तेवढी टॉम्बो मोनो झीरोच्या २.३ मिमी गोल खोडरबराने छान उचलता येते.

पूर्ण संच घ्यायलाच हवा असं नाही. या पेन्सिली सुट्याही मिळतात. चांदीच काढायची असेल तर २एच, एच, एचबी आणि ४बी आधी घ्या. माझ्या चमच्यात ७बी आणि ५बी लागल्याच नाहीत.