नॅशनल फ्युएल पास, सात महिन्यांनंतर: कोड गाडीत टांगू नका

फेब्रुवारी २०२३: काल सकाळी अकराच्या सुमाराला ऑफिसात फोन थरथरला. फ्युएल पासचा मेसेज होता. फ्युएल पास म्हणजे श्रीलंकेतलं पेट्रोलचं रेशन: गाडीमागे आठवड्याचा ठरलेला वाटा, तो पंपावर आपला क्यूआर कोड दाखवून घ्यायचा. माझ्या गाडीत १२ लिटर पेट्रोल भरलं गेलंय, या आठवड्याचे ८ लिटर शिल्लक. मी उठून खिडकीशी गेले. गाडी खाली पार्किंगमध्ये, सकाळी लावली तिथेच उभी होती. म्हणजे माझा कोड दाखवून दुसऱ्याच कुणीतरी माझ्या वाट्याचं पेट्रोल नेलं.

गेले सात महिने पुण्याहून कुणी फोन केला आणि श्रीलंकेतल्या पेट्रोलचं विचारलं, की मी या योजनेचं तोंड भरून कौतुक करत आले आहे. कालपासून डोकं फिरलंय. जे चांगलं आहे त्याला चांगलंच म्हणेन, पण आधी ही एक गोष्ट लिहून टाकते.

क्यूआर कोड म्हणजे नुसतं चित्र. नोंदणी झाली त्या दिवशी जे मिळालं तेच आजही आहे. पेट्रोल घेताना पिन नाही, ओटीपी नाही. नोंदणीच्या वेळी मोबाइलवर ओटीपी आल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं. मिळालेलं पेट्रोल उचलताना मात्र चित्र ज्याच्या हातात, माल त्याचा. आपल्याकडे रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा लावल्याशिवाय गहू-तांदूळ हातात पडत नाहीत. इथे कुलूप एकच आहे. कोड स्कॅन केला की पंपावरच्या मुलाच्या फोनवर गाडीचा नंबर उमटतो, तो त्याने समोरच्या नंबरप्लेटशी ताडून बघायचा. त्याने मान वर केली नाही, तर कुलूप उघडंच.

माझी चूक एवढीच की सगळ्यांनी केलं तेच मी केलं. ऑगस्टमध्ये झेरॉक्सच्या दुकानांत कोड छापून, लॅमिनेट करून देण्याचा धंदा जोरात होता. मीही एक कार्ड करून घेतलं, कोपऱ्यात भोक पाडून दोरी ओवली आणि आरशाला टांगलं. काचेबाहेर उभं राहून फोन धरला तरी फोटो निघेल असं. रविवारी गाडी धुवायला दिली होती. तिथे काढला की बाजाराच्या पार्किंगमध्ये, आता काय सांगणार?

नवरा म्हणाला, पैसे तर त्यानेच भरले ना, तुझं काय गेलं? माझा आठवडा गेला. घर ते ऑफिस, नुगेगोडा ते बियागामा, जाऊन-येऊन रोजचे ३८ किलोमीटर. पाच दिवसांचे १९० होतात. कोलंबोच्या ट्रॅफिकमध्ये माझी अल्टो लिटरला १३ देते, म्हणजे १५ लिटर हवेतच. टाकीत सोमवारचं थोडं होतं आणि वर हे ८. शुक्रवारी मी बसने जाणार. पेट्रोल ४०० श्रीलंकन रुपये लिटर झालंय, तेही मी मोजायला तयार आहे. पण माझा वाटा संपला की कुठल्याही शेडवर पैसे चालत नाहीत, हाच तर रेशनचा अर्थ. (शेड म्हणजे इथला पेट्रोलपंप. सात महिन्यांत माझ्याही तोंडी तोच शब्द बसलाय.)

संध्याकाळी नेहमीच्या शेडवर गेले आणि तिथल्या मॅनेजरला विचारलं की नंबर ताडून बघता का. तो शांतपणे म्हणाला, मॅडम, रांग असते तेव्हा कोण बघणार? त्याचा मला जास्त राग आला. रांग घालवायलाच तर हे सगळं केलं होतं.

आता मुळापासून.

जून २०२२ ज्यांनी इथे काढला त्यांना सांगायला नको. देशाकडे डॉलर नव्हते, एप्रिलमध्येच परदेशी कर्जाची फेड थांबवली होती, तेलाची जहाजं यायची बंद झाली होती. २८ जून ते १० जुलै खासगी गाड्यांना पेट्रोल नाहीच, फक्त अत्यावश्यक सेवांना. त्याआधी मी दोन दिवस आणि एक रात्र पोलिममध्ये काढली. पोलिम म्हणजे रांग. त्या महिन्यात सगळ्यात जास्त कानावर पडलेला सिंहली शब्द. पुढच्या गाडीतले आजोबा डबा आणायला घरी गेले की त्यांची गाडी आम्ही ढकलत पुढे नेत होतो. रांगेतच माणसं दगावल्याच्या बातम्या येत होत्या. काळ्या बाजारात लिटरला दोन हजार मागत होते. मी घेतलं नाही. परवडत नव्हतं हे एक, आणि ते पेट्रोल कुणाच्या तरी वाट्याचं होतं हे दुसरं.

१६ जुलैला ऊर्जामंत्री कांचना विजेसेकेरा यांनी फ्युएल पास जाहीर केला. तीनच दिवस आधी राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले होते. असल्या दिवसांत सरकारी वेबसाइट चालेल यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. एका ओळखपत्रावर एकच गाडी. आम्हा परदेशी लोकांना पासपोर्ट नंबर टाकायची सोय होती. पान सिंहली, तमिळ, इंग्रजी तिन्ही भाषांत. नाव, पत्ता, गाडीचा नंबर, आणि मग चेसिस नंबर.

तिथे मी अडकले. गाडी जुनी घेतलेली, रजिस्ट्रेशनची माझ्याकडे झेरॉक्सच, तीही फिकट. सतरा अक्षरं-आकडे. टाकले, चूक. पुन्हा टाकले, चूक. रात्री साडेअकराला चौथ्यांदा. मेळ बसत नाही म्हटल्यावर गाडीवरचाच नंबर बघायचा ठरवलं. शेजारचा मुलगा थ्री-व्हीलर चालवतो, तो टॉर्च घेऊन आला. मला अक्का म्हणतो. सिंहलीतही मोठ्या बहिणीला अक्काच. बॉनेट उघडलं. इंजिनमागच्या पत्र्यावर ठोकलेला नंबर तेलकट धुळीखाली बुजला होता. त्याने फडकं रॉकेलमध्ये बुडवून पुसलं, तरी नीट दिसेना. मग मला बाबांची आठवण आली. पुण्यात आरटीओत गाडी पासिंगला न्यायची म्हटलं की ते चेसिस नंबरवर कागद धरून वरून पेन्सिल आडवी घासायचे. घरात जाऊन मुलाची पेन्सिल आणि वहीचा कागद आणला. घासत गेले तशी अक्षरं पांढरी उठत गेली. एम ए थ्री, भारतात बनलेल्या मारुतीची ओळखीची सुरुवात. आणि सातव्या जागी, झेरॉक्सवर मी जे इंग्रजी ओ समजत होते, ते शून्य होतं.

हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझे तीन तास वाचले असते, म्हणून ठळकपणे सांगते: सतरा अक्षरी चेसिस नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत. एक आणि शून्याशी घोटाळा होऊ नये म्हणून. गोल दिसलं की शून्यच टाका. शून्य टाकलं, बटण दाबलं, ओटीपी आला, आणि काळ्या-पांढऱ्या चौकोनांचं चित्र समोर. टॉर्चवाल्याने त्याच्या थ्री-व्हीलरचीही नोंदणी माझ्याच लॅपटॉपवर करून घेतली.

त्याला आठवड्याला ५ लिटर मिळाले, मला २०. मोटरसायकलला ४, बसला ४०, लॉरीला ५०. माझा वाटा मला पुरत होता. त्याचं पोट त्या ५ लिटरवर होतं. योजनेचं कौतुक करताना हे मी विसरत नाही आणि कुणी विसरू नये.

१ ऑगस्टपासून क्यूआर सगळीकडे सक्तीचा झाला. त्याआधी काही दिवस नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यावर वार ठरत; माझा ४, म्हणून गुरुवार आणि रविवार. ऑगस्टपासून वाराचं बंधनही गेलं. त्या आठवड्यात मी घड्याळ लावून बघितलं: चाळीस मिनिटं. पुढच्या आठवड्यात पंधरा. ९ हजार रुपये देऊन २० लिटर घेतले आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून दोन मिनिटं तशीच बसले. जूनमध्ये दोन दिवसांत जे मिळालं नव्हतं ते पंधरा मिनिटांत मिळालं, तेही कुणाच्या ओळखीशिवाय, वशिल्याशिवाय. माझ्या पुढे एक मोठी जीप होती. तिचा वाटा संपलेला, स्कॅन होईना. मालक वाद घालत होता आणि पोरगा नुसता फोनची स्क्रीन दाखवत होता. मी याआधी कुठल्याही देशात श्रीमंत माणसाला पेट्रोलपंपावरून रिकाम्या हाताने परत जाताना पाहिलं नव्हतं.

कुरकुर एकच होती. आठवड्याला माझे ४-५ लिटर उरतात आणि आठवडा संपला की बुडतात, पुढे जात नाहीत. दिवाळीत मला नुवारा एलियाला, इथल्या थंड हवेच्या ठिकाणी जायचं होतं, साठवता आले असते तर किती बरं झालं असतं. मी काटकसरीने चालवते, एसी लावत नाही, उतारावर ब्रेक कमी वापरते, आणि त्याचं बक्षीस म्हणून उरलेलं बुडतं. हे मला फार लागायचं.

आज या क्षणी माझं म्हणणं असं: वाटप बरोबर, राखण कच्ची. कार्ड आरशावरून काढलंय आणि पर्समध्ये, पैशांच्या कप्प्यात ठेवलंय. तुमचंही काढा. काचेला चिकटवलं असेल तर खरवडून काढा. फोनच्या स्क्रीनवर दाखवत असाल तर पोराच्या हातात फोन देऊ नका, तुमच्या हातात धरूनच स्कॅन करू द्या. आणि स्कॅन झाल्यावर तुमचा नंबर मोठ्याने वाचून दाखवा. मी यापुढे तेच करणार आहे.

अपडेट, एप्रिल २०२३: वाटा वाढला. मोटारीला २० चे ३०, मोटरसायकलला ४ चे ७, थ्री-व्हीलरला ५ चे ८. मार्चअखेर पेट्रोलही ४०० वरून ३४० वर आलं. नंबर वाचून दाखवण्याचं मी सोडलेलं नाही. शेडवरची पोरं आता मला ओळखतात, एकजण तर मी उतरायच्या आधीच प्लेटकडे बघतो. मागे उभे असलेले कधी हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

उरलेलं बुडतं त्याबद्दलचं माझं मत मात्र बदललं. अवुरुदूच्या सुट्टीआधी, म्हणजे इथल्या नववर्षाआधी, शेडवर गर्दी होती तरी पोलिम रस्त्यावर आली नाही. तेव्हा विचार केला: माझ्यासारख्या लाखो लोकांनी सहा-सहा आठवड्यांचे लिटर साठवून ठेवले असते आणि सगळे याच शुक्रवारी भरायला आले असते, तर दुपारपर्यंत शेड कोरडे पडले असते. उरलेलं बुडतं म्हणून कुणाला साठा करता येत नाही, आणि साठा करता येत नाही म्हणून जहाजाने आणलेलं तेल आठवडाभर पुरतं. माझे ५ लिटर वाया जात नव्हते, मागच्या कुणाला तरी मिळत होते. तक्रार मागे घेते.

अपडेट, जून २०२३: मोटारीला ४०, मोटरसायकलला १४, बसला १२५. थ्री-व्हीलरवाल्या शेजाऱ्याचा वाटाही १४ झाला, तो आता संध्याकाळी सातनंतरही भाडी घेतो. माझे निम्मे लिटर पडून असतात. कुणी माझा कोड चोरला तर आता माझं काही अडणार नाही, हे खरं. तरी तो राग गेलेला नाही. फेब्रुवारीत त्या माणसाच्या गाडीत १२ लिटर गेले, म्हणजे ती स्कूटर नव्हती, मोटारच होती. कुणीतरी तिची प्लेट एकदा बघायला हवी होती. एवढं एक काम होतं.

अपडेट, सप्टेंबर २०२३: १ तारखेपासून फ्युएल पास बंद. आज भरायला गेले. सवयीने पर्समधून कार्ड काढलं, खिडकीतून पुढे केलं आणि माझा नंबर वाचायला लागले. त्याने नोझल लावलं, कार्डाकडे बघून मान हलवली आणि म्हणाला, "ओन नॅ, अक्का." नको आता. कार्ड परत त्याच कप्प्यात ठेवलं.