ग्रे-निकोल्स स्कूप : लाराची बॅट कोणाला मानवेल?

ग्रे-निकोल्स कंपनीची पाठ कोरून काढलेली ही ‘स्कूप’ बॅट बाजारात आली 1974 साली, पण आज तिचं नाव निघालं की वेस्ट इंडीजचा ब्रायन लाराच डोळ्यांसमोर येतो. 1994 च्या एप्रिलमध्ये अँटिग्वात इंग्लंडविरुद्ध 375 धावा, जूनमध्ये एजबॅस्टनवर इंग्लिश कौंटी सामन्यात वॉरिकशायरकडून डरहॅमविरुद्ध नाबाद 501, आणि दोन्ही वेळा हातात स्कूप. नव्याने काढलेली स्कूप घेणारे बहुतेक जण याच आकड्यांवर भाळलेले असतात. त्यांनी 375 चा हिशेब जरा बारकाईने पाहावा : 538 चेंडू, 45 चौकार आणि षटकार एकही नाही. बॅटचा स्वभाव त्यातच आला.

नेहमीच्या बॅटला पाठीवर मधोमध लाकडाचा उंच कणा असतो. स्कूपमध्ये तोच काढून टाकलाय आणि लाकूड दोन्ही कडांकडे ठेवलंय. वजन तेवढंच, पण मध्यापासून लांब. त्यामुळे चेंडू कडेच्या बाजूला जरा सरकून बसला तरी बॅट हातात कमी फिरते आणि फटक्याची दिशा फारशी बिघडत नाही. कट, कव्हर ड्राइव्ह, लेग ग्लान्स खेळणाऱ्याला हा फायदा पहिल्याच नेटमध्ये जाणवेल. किंमत मोजावी लागते ती मधल्या भागात : अगदी मिडलला, म्हणजे बॅटच्या मधोमध, बसलेल्या चेंडूमागे लाकूड कमी, म्हणून जागेवर उभं राहून नुसत्या ताकदीने हाणलेला फटका आजच्या जाडजूड बॅटइतका लांब जात नाही. टी-ट्वेंटीत शेवटची चार षटकं खेळायची असतील तर ही बॅट घेऊ नका.

लाराचं काम होतं ते बॅटच्या वेगावर. बॅकलिफ्ट, म्हणजे फटक्याआधी मागे उचललेली बॅट, खांद्याच्याही वर, आणि तिथून मनगटांसकट चाबकासारखी खाली येणारी बॅट. याच्या अगदी उलट वेस्ट इंडीजचाच क्लाइव्ह लॉइड : तीन पौंडांच्या आसपासची बॅट, दांड्यावर एकावर एक चढवलेल्या ग्रिप. लॉइडसारखं खेळणाऱ्याने स्कूपच्या वाटेला जाऊ नये. (बॅटने सगळं होतं असंही नाही. 501 च्या त्या डावात लारा 12 वर नो-बॉलवर त्रिफळाचीत झाला होता आणि 18 वर यष्टिरक्षकाने त्याचा झेल सोडला होता.)

घेताना वजनाकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. साधी बॅट जड वाटली तर पाठीवरून रंधा मारून घेता येतो; इथे मधे तासायला लाकूडच नाही, आणि कडा तासल्या तर स्कूप घेण्यात अर्थच उरला नाही. 2 पौंड 7 ते 9 औंस, म्हणजे साधारण 1100 ते 1160 ग्रॅम, बहुतेकांना पुरे. दांड्यावर जो हात वर असतो त्या एकाच हाताने बॅट उचलून खांद्यापर्यंत न्या. मनगट थरथरलं तर ती तुमची नव्हे. जास्तीची ग्रिप चढवली की बॅट उचलायला हलकी वाटते, एकूण वजन मात्र वाढतं. कडांची जाडीही मोजून घ्या : 2017 पासून नियमाने 40 मिलिमीटरची मर्यादा आहे, आणि या बॅटचं लाकूड तर कडांनाच असतं.

नवी बॅट खेळण्यासाठी तयार करताना नेहमीची पद्धत जशीच्या तशी चालत नाही. कच्चं जवसाचं तेल (उकळलेलं नको) चमचाभर घेऊन दर्शनी बाजू, कडा आणि टोकाला फडक्याने पुसल्यासारखं लावा. बॅट आडवी ठेवून एक दिवस जाऊ द्या, मग दुसरा हात. दर्शनी बाजूला पारदर्शक पट्टी असेल तर तिथे तेल लावू नका. पाठीवरच्या खोलगट भागात तर थेंबही नको : तेल तिथे साचतं, आणि जिथे रंगाचा पापुद्रा सुटलाय तिथून आत मुरून आधीच पातळ असलेलं लाकूड मऊ पडतं.

त्यानंतर लाकडी हातोडीने चार ते सहा तास ठोकणं, थोडं थोडं, काही दिवसांत विभागून. बॅट पाठीवर आडवी टाकून ठोकू नका. स्कूप फक्त कडांवर टेकते आणि मधे आधार राहत नाही. एका हातात धरूनच ठोका. कडांवर घाव 45 अंशांत, हलक्या हाताने, कड गोलसर होईपर्यंत. काटकोनात मारलं तर कड दबण्याऐवजी चिरते. टोकाच्या तळाला हातोडी लावायचीच नाही. मग जुन्या चेंडूवर हलके झेल द्या. शिवणीचे वळ उमटले तर अजून तासभर हातोडी.

तरीही पहिली तक्रार येईल ती टोकाकडून, यॉर्करमुळे, म्हणजे थेट पायाशी पडणाऱ्या चेंडूमुळे. केसाएवढी चीर दिसली की त्याच दिवशी फायबरची टेप लावा. चीर खोल असेल तर लाकडाचा गोंद भरून क्लॅम्पमध्ये रात्रभर आवळा. क्लॅम्प लावताना पाठीच्या खोलगट भागात लाकडाचा ठोकळा बसवायला विसरू नका, नाहीतर दाब पडून मधला पातळ भागच तडकतो.